डेसमॉस: एक चढ, एक बिंदू आणि रेषेचे समीकरण तपासण्याचे साधन

चढ −३/४ आहे आणि रेषा (−२, ५) या बिंदूतून जाते, समीकरण काढा. सूत्र बहुतेकांना पाठ असते. गुण जातात ते सूत्रात किमती भरताना. उण्यातून उणे वजा करताना चिन्ह चुकते, कंसाबाहेरचा अपूर्णांक फक्त पहिल्या पदाला गुणला जातो, छेद घालवताना एका बाजूचे एखादे पद तसेच राहून जाते. शेवटी जे समीकरण उरते ते दिसायला अगदी व्यवस्थित असते आणि त्याची सरळ रेषाही निघते. फक्त ती विचारलेली रेषा नसते. वहीत हे कळायला पुन्हा बिंदू घालून पाहावा लागतो, आणि तेवढेच करायचे राहून जाते.

डेसमॉस या आलेख काढणाऱ्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरची परीक्षा आम्ही नेमक्या याच कामासाठी करत आहोत. वर्तुळे, त्रिकोणमिती, सांख्यिकी यांतले त्याचे गुण पुष्कळ आहेत, पण ते इथे बाजूला ठेवू. चढ आणि एक बिंदू दिल्यावर समीकरण लिहिणे आणि ते बरोबर आहे की नाही हे पाहणे, एवढ्या कामात ते कुठे उपयोगी पडते, कुठे अडते आणि कुठे फसवते, ते सांगायचे आहे.

आधी थोडी ओळख. एली लुबेरॉफ यांनी २०११ मध्ये अमेरिकेत डेसमॉस सुरू केले. २०२२ मध्ये वर्गात वापरायच्या उपक्रमांचा भाग ॲम्प्लिफाय या कंपनीकडे गेला आणि कॅल्क्युलेटर डेसमॉस स्टुडिओकडे राहिला. कॅल्क्युलेटर फुकट आहे, जाहिराती नाहीत. ब्राउझरमध्ये उघडते, अँड्रॉइड आणि आयफोनसाठी ॲप आहे, आणि ॲप एकदा घेतले की इंटरनेट नसतानाही आलेख काढते. खाते उघडायची गरज फक्त आलेख साठवून ठेवायचा असेल तरच पडते.

खाली समीकरणांत क्ष आणि य लिहिले आहे. डेसमॉसमध्ये टाईप करताना त्यांच्या जागी इंग्रजी एक्स आणि वाय घ्यावे. दिलेला बिंदू (क, ख) म्हटला आहे, तो तिथे ए आणि बी. चढासाठी म, तो तिथे एम.

सूत्र असे:

य − ख = म(क्ष − क)

हे जसेच्या तसे टाईप करता येते. य एकट्याला डावीकडे आणायची गरज नाही, कंस सोडवायची गरज नाही. डेसमॉसची या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. वर दिलेल्या उदाहरणात

य − ५ = −३/४ (क्ष + २)

एवढे लिहिले की लाल रेषा उमटते. विद्यार्थ्याने पहिल्या ओळीत किमती भरल्या त्याच क्षणी तपासणी होते. पुढच्या तीन ओळी सोडवून झाल्यावर चूक कळली, तर ती नेमकी कुठल्या ओळीत झाली ते शोधत बसावे लागते. इथे पहिलीच ओळ पक्की करून पुढे जाता येते.

मात्र एक गोष्ट ठाम सांगायला हवी. डेसमॉस समीकरण काढून देत नाही. तुम्ही जे लिहाल ते काढून दाखवते, चुकीचे असले तरी तितक्याच ठळक लाल रेघेने. त्यामुळे आधी समीकरण टाईप करून ‘रेषा आली, म्हणजे बरोबर’ असे मानणारा विद्यार्थी वहीइतकाच फसतो. क्रम उलटा ठेवायला हवा: आधी बिंदू, मग रेषा.

पहिल्या ओळीत (−२, ५) कंसासकट लिहा. ठिपका उमटेल. त्याच ओळीखाली लेबलची चौकट असते, तिथे खूण केली की ठिपक्याशेजारी निर्देशक दिसतात. आता चढाकडे बघून दुसरा बिंदू काढा: चढ −३/४ म्हणजे ४ घरे उजवीकडे, ३ घरे खाली. (−२, ५) वरून ४ उजवीकडे गेले की क्ष झाला २, ३ खाली आले की य झाला २. दुसऱ्या ओळीत (२, २) लिहा. हे दोन ठिपके पडद्यावर आल्यावरच तिसऱ्या ओळीत समीकरण टाका. रेषा दोन्ही ठिपक्यांतून गेली पाहिजे.

दुसऱ्या ठिपक्याचा आग्रह का, ते चुका करून पाहिल्यावर लगेच कळते. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे उणे २ वजा करायच्या जागी नुसते २ वजा करणे:

य − ५ = −३/४ (क्ष − २)

ही रेषा मूळ रेषेला समांतर निघते, पण दिलेल्या ठिपक्याच्या बरोबर ३ घरे वरून जाते. दुसऱ्या ठिपक्याच्याही ३ घरे वरून. ती जाते (२, ५) मधून, म्हणजे दिलेला बिंदू य-अक्षाच्या आरशात जिथे दिसला असता तिथून. आता कंसाची चूक घ्या, −३/४ क्ष + २ असे लिहून टाकले, २ ला गुणायचे राहिले. रेषा पुन्हा समांतर, पण या वेळी दोन्ही ठिपक्यांपासून ३.५ घरे वर. चढाचे चिन्हच चुकले, +३/४ झाले, तर रेषा पहिल्या ठिपक्यातून बरोबर जाते आणि दुसऱ्याला चुकवते, कारण ती उजवीकडे वर चढते. चढ उलटा झाला, −४/३ लिहिला, तर ही चूक सगळ्यात फसवी ठरते: रेषा पहिल्या ठिपक्यातून जाते, उजवीकडे उतरतेही, घाईत बघणाऱ्याला बरोबरच वाटते. (२, २) चा ठिपका मात्र बाजूला पडलेला असतो, रेषा त्याच्या दोन घरांहून जास्त खालून जाते.

यातून एक निदान हाती लागते, आणि ते पाठ करण्यासारखे आहे. दोन्ही ठिपके सारख्याच अंतराने चुकले तर चढ बरोबर आहे, गडबड बिंदू भरण्यात किंवा कंसात आहे. पहिला ठिपका बरोबर आणि दुसरा चुकला तर बिंदू बरोबर भरला आहे, चढ तपासा. दोन्ही ठिपके वेगवेगळ्या अंतराने चुकले तर दोन्हीकडे गडबड आहे. शिक्षकांनी फळ्यावर हे कितीही समजावले तरी मुलाला स्वतःची चूक तीन घरांच्या अंतराने समोर दिसते तेव्हा ती डोक्यात राहते. त्यासाठी डेसमॉस घ्यावे असे आमचे मत आहे.

आता टाईप करण्यातली मोठी खोड. अपूर्णांक लिहिताना ३ लिहून भागाकाराची तिरकी रेघ दाबली की डेसमॉस लगेच वर-खाली असा सुंदर अपूर्णांक मांडते आणि कर्सर छेदात जाऊन बसतो. ४ लिहिल्यावर तो तिथेच असतो. आता (क्ष + २) टाईप केले की तेही छेदातच जाते. समीकरण होते

य − ५ = −३ / [४(क्ष + २)]

आणि सरळ रेषेच्या जागी दोन तुकड्यांचा वक्र उमटतो. गंमत नाही, पण शिकण्यासारखी गोष्ट अशी की हे दोन तुकडे तुटतात नेमके क्ष = −२ वर, दिलेल्या बिंदूच्याच क्ष-निर्देशकावर, कारण तिथे छेद शून्य होतो. पडद्यावर वक्र दिसला की समजावे, कर्सर छेदातून बाहेर काढायचा राहिला. ४ लिहून झाल्यावर उजवीकडचा बाण एकदा दाबायचा आणि मग कंस उघडायचा. फोनवरच्या कीपॅडवरही हा बाण आहे. किंवा पूर्ण अपूर्णांक आधीच कंसात घ्या. कोणी ०.७५ लिहून यातून सुटका करून घेतात. या उदाहरणात ते चालेल, पण ही सवय पुढे महाग पडते. चढ १/३ आणि बिंदू (१, ३) घ्या. ही रेषा क्ष-अक्षाला बरोबर (−८, ०) मध्ये छेदते. १/३ च्या जागी ०.३३ लिहिले तर तोच छेदनबिंदू −८.०९१ च्या आसपास येतो. रेषा डोळ्यांना तीच दिसते, उत्तर मात्र चुकते.

आणखी एक: एक्स च्या पुढे लगेच १ टाईप केला की डेसमॉस तो खाली लहान अक्षरात घेते आणि तो वेगळाच चल समजते. पुस्तकातले सूत्र पायाखालच्या अंकांसह जसेच्या तसे लिहायचे असेल तर हे फार सोयीचे आहे. पण कोणाला क्ष गुणिले १ म्हणायचे असेल तर ते तसे होणार नाही.

स्लायडरवर, म्हणजे अक्षराची किंमत बदलायच्या सरकत्या पट्ट्यांवर, जरा थांबायला हवे, कारण वर्गात त्यांचाच उपयोग जास्त. य − ख = म(क्ष − क) हे अक्षरांतच लिहिले की डेसमॉस विचारते, या अक्षरांचे स्लायडर करू का. ‘सगळे’ दाबले की तीन पट्ट्या येतात. प्रत्येकाची किंमत सुरुवातीला १ आणि मर्यादा −१० ते १० असते. आता वेगळ्या ओळीत (क, ख) लिहा. हा ठिपका बोटाने धरून पडद्यावर कुठेही नेता येतो आणि रेषा त्याच्याबरोबर सरकते. चढ तसाच राहतो, रेषा स्वतःला समांतर राहून जागा बदलते. मग ठिपका स्थिर ठेवून म ची पट्टी हलवा: रेषा त्या ठिपक्याभोवती फिरते. चढ आणि बिंदू या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि दोन्ही मिळून एकच रेषा ठरते, हे समजावायला पाऊण तास लागतो. इथे ते दोन हालचालींत दिसते.

पण स्लायडर तसेच ठेवू नयेत. ठिपका ओढला की निर्देशक १.३, −२.७ असे येतात आणि वहीशी ताळा जमत नाही. पट्टीच्या टोकाच्या आकड्यावर दाबले की किमान, कमाल आणि पायरी भरायच्या चौकटी उघडतात. क आणि ख साठी पायरी १ करा, म्हणजे ठिपका जाळीच्या कोपऱ्यांवरच बसतो. म साठी पायरी ०.२५ केली तर पाव, अर्धा, पाऊण चढ मिळतात. म = −३/४ असे थेट लिहिता येते, पण मग ती ओळ गणिताची होते आणि पट्टी नाहीशी होते.

याहून चांगली मांडणी आम्ही सुचवतो. चढ एकाच अक्षरात ठेवू नका. उभा बदल उ आणि आडवा बदल आ, असे दोन स्लायडर करा, पायरी १. डेसमॉसमध्ये पी आणि क्यू घ्या. समीकरण लिहा

य − ख = (उ/आ)(क्ष − क)

आणि खालच्या ओळीत पॉलिगॉन या आज्ञेत तीन बिंदू द्या: (क, ख), (क + आ, ख), (क + आ, ख + उ). चढाचा त्रिकोण ठिपक्याला चिकटून उभा राहतो. उ = −३ आणि आ = ४ ठेवले की चार घरे आडवी, तीन घरे खाली, रेषा त्रिकोणाचा कर्ण होऊन जाते. आता आ हळूहळू कमी करत शून्यावर आणा. त्रिकोण अरुंद होत जातो आणि शेवटी त्याची एक उभी रेघ उरते. समीकरणाची रेषा मात्र पडद्यावरून नाहीशी होते. उभ्या रेषेला चढ का नाही, याचे उत्तर यात आले: भागाकार शून्याने होतो आहे. मग छेद दुसऱ्या बाजूला न्या:

आ(य − ख) = उ(क्ष − क)

आ शून्य असतानाही आता उभी रेषा क्ष = क दिसते. समीकरण तेच, पण भागाकार गेला. पुढे सामान्य रूप का शिकायचे, याचे कारणही मुलांना इथेच मिळते.

एकट्या म च्या पट्टीत अजून एक उणीव आहे. म शून्यावरून १ वर गेला की रेषा ४५ अंश फिरते. १ वरून थेट १० वर गेला तरी पुढे फक्त ३९ अंशांच्या आसपास. म्हणजे पट्टीच्या शेवटाला कोन ८४ अंशांच्या किंचित वर असतो आणि उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या मिळून जवळजवळ साडेअकरा अंशांतल्या रेषा त्या पट्टीवर येतच नाहीत. मर्यादा वाढवली तरी उभी रेषा कधीच मिळत नाही. हे वर्गात सांगून टाकावे, नाहीतर चढ दुप्पट झाला की कोनही दुप्पट होतो असा समज पट्टीमुळे आणखी पक्का होतो.

पुढची पायरी: उत्तर ज्या रूपात मागितले आहे त्यात आणणे. इथे डेसमॉस मदत करत नाही. ते य − ५ = −३/४ (क्ष + २) चे ३क्ष + ४य = १४ करून देणार नाही. आमच्या मते ही त्याची कमी नसून या कामासाठी चांगलीच गोष्ट आहे, कारण परीक्षेत ही पायरी हातानेच करावी लागते. दोन्ही बाजूंना ४ ने गुणा: ४य − २० = −३क्ष − ६. पक्षांतर केले की ३क्ष + ४य = १४. आता हे नव्या ओळीत टाईप करा. नवी रेषा आधीच्या रेषेवर नेमकी बसली पाहिजे. एकावर एक बसल्यामुळे खालची दिसत नाही. ओळीच्या डावीकडच्या रंगीत गोलावर दाबून एक रेषा लपवा, पुन्हा दाखवा. काहीच हलले नाही तर दोन्ही रेषा एकच. ६ च्या जागी चिन्ह चुकून उत्तर २६ आले असेल तर नवी रेषा सरळ ३ घरे वर दिसेल.

पण पडद्यावर एकावर एक दिसणे आणि खरोखर एक असणे यात फरक आहे. ३क्ष + ४य = १४ आणि ३क्ष + ४य = १४.१ या रेषांत उभे अंतर फक्त ०.०२५ आहे, फोनच्या पडद्यावर ते एका ठिपक्याएवढेही भरत नाही. पूर्णांकांच्या उदाहरणात चूक सहसा मोठी असते, म्हणून सहज दिसते. दशांश असलेल्या गणितात मात्र दिलेल्या बिंदूपाशी भरपूर झूम करा, किंवा निर्देशक समीकरणात घालून आकड्यांनीच बघा: ३ गुणिले −२ अधिक ४ गुणिले ५, बरोबर १४.

रेषेवर दाबले की अक्षांना जिथे छेदते तिथे राखाडी ठिपके येतात, त्यांवर दाबले की निर्देशक. आपल्या रेषेसाठी (०, ३.५) आणि (४.६६७, ०). दुसरा आकडा खरा १४/३ आहे. आलेखावर तो दशांशातच दिसतो आणि मुले तोच उतरवतात. वेगळ्या ओळीत १४/३ लिहून तो ४.६६७ शी जुळवावा, आणि वहीत अपूर्णांकच लिहावा.

आता खिडकीचा, म्हणजे आलेखाचा किती भाग पडद्यावर दिसतो याचा प्रश्न, ज्यात नवखे हमखास अडतात. सेल्सियसचे फॅरनहाइट करायचे सूत्र चढ आणि एका बिंदूवरून काढता येते: चढ ९/५, आणि पाणी १०० सेल्सियसला म्हणजे २१२ फॅरनहाइटला उकळते, म्हणून बिंदू (१००, २१२).

य − २१२ = ९/५ (क्ष − १००)

सोडवले की य = ९/५ क्ष + ३२, ओळखीचे सूत्र. पण लॅपटॉपवर डेसमॉस उघडून हे टाईप केले की पडदा कोरा. समीकरण बरोबर आहे. पडदा क्ष −१० ते १० च्या आसपास दाखवतो आणि तेवढ्या पट्ट्यात ही रेषा १४ ते ५० या उंचीवरून जाते, म्हणजे पडद्याच्या वरून. सेटिंग्जच्या, म्हणजे नट पिळायच्या पान्याच्या चिन्हावर दाबून क्ष −६० ते १२० आणि य −६० ते २५० भरले की रेषा येते. तिच्यासोबत य = क्ष काढा; दोन्ही रेषा (−४०, −४०) मध्ये भेटतात, दोन्ही तापमापकांवर एकच आकडा असलेले तापमान.

मात्र आता दोन्ही अक्षांचे मोजमाप वेगळे झाले. क्ष वरचे एक घर आणि य वरचे एक घर पडद्यावर सारख्या लांबीचे राहिले नाहीत. १.८ चढाच्या रेषेचा खरा कोन ६१ अंशांच्या जवळ, पण पडद्यावर ती बरीच आडवी दिसते. डोळ्यांनी चढ ओळखायची सवय लावत असाल तर अशा आलेखावर ती लावू नका. लंब रेषा काढताना तर हे फार नडते: चढ २ आणि −१/२ असलेल्या रेषा काटकोनात असायला हव्यात, आणि मोजमाप बिघडलेल्या पडद्यावर त्या तिरक्या भेटतात. मूल म्हणते, ‘सूत्र चुकले.’ सूत्र बरोबर असते. त्याच पान्याच्या यादीत दोन्ही अक्ष पुन्हा समान करण्याची सोय आहे, ती दाबावी. वहीतल्या आलेख कागदावर ही अडचण येत नाही, कारण तिथे सेंटिमीटर दोन्हीकडे सारखाच असतो, मुलाने स्वतः प्रमाण वेगळे घेतले नाही तोवर.

बिंदू एकाच्या जागी दोन दिले असतील तर आधी चढ काढायचा, मग हेच सूत्र. डेसमॉसमध्ये तक्ता करून, त्यात दोन बिंदू भरून, खालच्या ओळीत रेषेच्या समीकरणात बरोबरच्या चिन्हाच्या जागी लाटेसारखी खूण टाकली की ते चढ आणि य-अक्षावरचा छेद स्वतः शोधून देते. शिकण्याच्या टप्प्यावर ते वापरू नये असे आम्हांला वाटते. त्यात चढ कसा आला ते कुठेच दिसत नाही. उत्तर पडताळायला मात्र चांगले.

जिओजेब्रा या अशाच दुसऱ्या साधनाशी तुलना टाळता येणार नाही, कारण अनेक शाळांत आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणांत तेच शिकवले जाते, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडेही आहेत. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कस होहेनवार्टर यांनी ते सुरू केले. या एका कामात त्याच्या दोन गोष्टी डेसमॉसपेक्षा सरस आहेत.  चढ दाखवायचे तयार अवजार आहे, रेषेवर दाबले की त्रिकोण आणि किंमत हजर. शिवाय रेषेचे समीकरण कुठल्या रूपात दाखवायचे ते निवडता येते. पण तो त्रिकोण आपणहून एक घर आडवा येतो, म्हणून −३/४ चे तिथे −०.७५ दिसते, चार घरे उजवीकडे, तीन खाली हे त्यात हरवते. आणि रूप बदलून मिळाले की मुले ते उतरवून मोकळी होतात. समीकरण काढायला शिकत असताना डेसमॉस, रचना आणि भूमिती करताना जिओजेब्रा, अशी विभागणी आम्ही करू.

कोणत्या वर्गाला उपयोगी? राज्य मंडळात चढ दहावीच्या निर्देशक भूमितीत येतो आणि चढ-बिंदू रूपातले समीकरण अकरावीत. दहावीत मराठीतून चढ शिकलेले मूल अकरावी विज्ञानाला गेले की इंग्रजीतून ‘स्लोप’ वाचते. ठिपका आणि त्रिकोण पडद्यावर दिसला की दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत हे सांगावे लागत नाही. जेईई आणि एमएचटी-सीईटी मध्ये कॅल्क्युलेटर नेता येत नाही, त्यामुळे तिथे जाणाऱ्यांनी हे फक्त घरी तपासायला वापरावे. प्रत्येक गणित आधी वहीत, मग पडद्यावर. परदेशी प्रवेशासाठी एसएटी देणाऱ्यांची गोष्ट वेगळी. संगणकावरच्या एसएटीत गणिताच्या सगळ्या प्रश्नांना डेसमॉस परीक्षेच्या ॲपमध्येच मिळते. त्यांनी अपूर्णांकातून कर्सर बाहेर काढणे आणि खिडकी बदलणे या दोन गोष्टींचा हात इतका बसवावा की परीक्षेत त्यात वेळ जाऊ नये.

फोनवर वापरताना एक अडचण राहते. डेसमॉसचे स्वतःचे कीपॅड अर्धा पडदा व्यापते आणि आलेखाला जागा कमी उरते. ठिपका बोटाखालीच झाकला जातो. कीपॅड खाली सारून मग ठिपका ओढावा. म, क, ख साठीची इंग्रजी अक्षरे एबीसी लिहिलेल्या बटणामागे आहेत, एक्स आणि वाय समोरच आहेत. वर्गात प्रोजेक्टरवर दाखवायचे असेल तर पान्याच्या यादीत अक्षरे आणि रेघा मोठ्या करायची सोय आहे, ती आधीच चालू करून ठेवा. मागच्या बाकावरून बारीक लाल रेघ आणि तीन घरांचे ते अंतर नाहीतर दिसत नाही.